उज्ज्वलानं दातांना तार लावली

रोज सकाळी साडेसहाला घरातून निघताना उज्ज्वला नाकातोंडावर रुमाल बांधत असे. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीतून मागांच्या खात्यात जाणाऱ्या पंधरावीस बायका होत्या आणि रुमाल सगळ्यांकडेच असे. पण बाकीच्या तो खात्याच्या दारात बांधत, धाग्यांचा बारीक भुगा जिथून उडायला लागतो तिथे. उज्ज्वला आपल्या उंबऱ्यावरच बांधायची. दोन टोकं मानेमागे, एक गाठ, तिच्यावर दुसरी गाठ, मग चप्पल. वीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. वाटेत कुणी काही विचारलं तर ती डोळ्यांनी हसायची. तिचे डोळे हसायला चांगलेच तयार झाले होते.

सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. उज्ज्वलाच्या खात्यात अठ्ठेचाळीस माग होते. ते एकदम चालू झाले की त्या आवाजाला गोंगाट म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं. तिथे कानाला काम नसतं. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. बोलायचं असलं की रुमाल हनुवटीखाली ओढायचा, शब्द तोंडात नीट घडवायचा आणि चार माग ओलांडून समोरच्याच्या डोळ्यांत टाकायचा. खात्यातली जुनी माणसं गावी लग्नाला गेली तरी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसतात, आणि पाहुण्यांना वाटतं, आपल्या मिशीला काही लागलंय की काय.

अशा खात्यात उज्ज्वला रुमाल कधीच खाली ओढत नसे. तिचे वरचे दोन्ही सुळे बाजूच्या दातांच्या डोक्यावर चढून बसले होते आणि पुढचे दोन दात एकमेकांना खेटून तिरपे झाले होते. "दातावर दात म्हणजे नशीबवान पोर," असं तिची आई अमळनेरात सांगायची. लग्न होऊन सुरतेला आल्यावर ते नशीब रुमालाखाली गेलं. बॉबिन, म्हणजे धाग्याची रीळ, भरणं आणि तुटलेला धागा जोडणं हे तिचं काम. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची गाठ इतकी चपटी बसायची की मागात कुठेही अडायची नाही. लागेल तेवढं ती हातांच्या खुणांनी सांगायची, आणि एवढ्यावर वीस वर्षं निघाली.

फेब्रुवारीत एका दुपारी मॅनेजर गोपालभाईंनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. खात्यात तेवढ्याच जागी आवाज ऐकू यायचा.

"उज्ज्वलाबेन, पलसाण्याला शेठचं नवं खातं तयार होतंय. आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की सुरू. बारा नव्या मुली येणार, सगळ्या कोऱ्या. त्यांना शिकवायला एक बाई पाहिजे."

उज्ज्वला एक पाऊल पुढे आली. एकोणीस वर्षांची असताना ती खात्यात आली तेव्हा तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोटं कापून घेत, शिव्या खात, दुसरीच्या पाठीमागून बघत ती शिकली होती. ती चपटी गाठ तिची तिनंच शोधली होती, आणि ती कुणाला तरी देऊन टाकावी असं तिला फार दिवस वाटत होतं.

"मी शिकवते," ती रुमालातून म्हणाली.

"हात तुमच्यासारखा कोणाचा नाही, ते मला माहीत आहे ने. पण शिकवायचं म्हणजे बोलायला पाहिजे."

"बोलते ना मी."

"कोणाला दिसतं?" गोपालभाईंनी बोट तिच्या रुमालाकडे केलं. माणूस वाईट नव्हता, फक्त सरळ होता. "कामरेजची एक बाई आहे. गाठ ठीकठाक बांधते, पण बोलते भोंग्यासारखी. मला तर तुम्हीच पाहिजे. आखाजीच्या आधी सांगा."

जेवणाच्या सुट्टीत तिनं हे मंगलाबाईंना सांगितलं. मंगलाबाई तिच्या शेजारच्याच मशीनवर असत. पन्नाशीच्या, पारोळ्याकडच्या, आणि जिभेला हाड नसलेल्या.

"रुमाल खाले कर, आन् बोल," त्या म्हणाल्या. "एवढंच ना? फुकटमां व्हई जाई."

उज्ज्वलानं दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. रुमाल हनुवटीवर आणला, पहिला शब्द ओठांवर घेतला, आणि हात आपोआप वर जाऊन तोंडावर बसला. दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं रुमालच वर ओढला. मंगलाबाई हसल्या नाहीत, म्हणून तिला जास्तच लागलं.

उपाय दारातच उभा होता. तिचा नवरा योगराज रिक्षा चालवायचा आणि रिक्षाच्या पाठीवर सहा महिन्यांपासून उधन्याच्या एका दवाखान्याची जाहिरात चिकटवलेली होती. वाकडेतिकडे दात सरळ करा, कोणत्याही वयात. उज्ज्वला ती रोज वाचायची, दारात पाणी शिंपडताना, कपडे वाळत घालताना. त्या दिवशी तिनं शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले. कोणत्याही वयात. ती एकोणचाळीसची होती.

"आपण इथं जाऊ," ती योगराजला म्हणाली.

योगराज रिक्षाच्या मागे गेला, वाकला आणि हसायलाच लागला. "मन्ही रिक्षानी मांगे काय लिखेल शे, ते मीच आजलोंग वाचेल नही!" मग तिच्याकडे बघून हसणं आवरलं. "चाल. रविवारे चाल."

पैशांची त्या वर्षी अडचण नव्हती. भिशी तिच्याच नावावर लागली होती. ते पैसे फ्रिजसाठी होते. फ्रिजचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीतली होती, हेतलबेन नावाची. मराठी ती पेशंटांकडूनच शिकली होती, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मा खानदेश आणि निम्मी सुरत होती. खुर्चीत पडून रुमाल सोडताना उज्ज्वलाचे कान तापले. हेतलबेननं आरसा घालून पाहिलं, बोटानं हिरड्या दाबल्या आणि विचारलं, "मिसरी लावता?"

"लहानपणापासून."

"ती आजपासून बंद. दात किती पण वाकडे असू देत, सरकतात. चाळीस काय, पन्नाशीत पण सरकतात. पण हिरडी भक्कम पाहिजे. पाया हालतो त्या घराची भिंत आपण ढकलत नाही ने?"

योगराजनं कोपऱ्यातून विचारलं, "मॅडम, आमच्या शेजारची बाई म्हणत होती, दात घासून वर टोप्या बसवतात. चार दिवसांत काम होतं."

"होतं," हेतलबेन म्हणाली. "चांगले धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि वर पांढरी टोपी. आत सगळं आहे तसंच वाकडं. यांचा एक पण दात किडलेला नाही, भाई. मी तरी घासणार नाही."

आपला एकही दात किडलेला नाही, हे उज्ज्वलाला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. तिच्या दातांबद्दल कुणी काही चांगलं बोललं, तेही पहिल्यांदाच.

मग हेतलबेननं टेबलावर तीन प्लॅस्टरच्या कवळ्या मांडल्या. एकीवर पोलादाची चौकोनी बटणं आणि त्यांतून गेलेली तार होती. दुसरीवर तशीच बटणं, पण दातांच्या रंगाची. तिसरीवर काहीच दिसत नव्हतं. तिनं नखानं उचकटलं तेव्हा दातांच्या आकाराचं एक पारदर्शक साल निघून हातात आलं.

उज्ज्वलाचा जीव त्या सालात अडकला. हे लावलं तर कुणाला दिसणारसुद्धा नाही! बायका बोलणार नाहीत, आणि एक दिवस सगळं आपोआप सरळ.

"हेच," ती म्हणाली.

"चहा किती वेळा घेता?"

"सहा-सात वेळा."

"प्रत्येक वेळी हे काढायचं, धुवायचं, चूळ भरायची, परत लावायचं. दिवसाचे बावीस तास तोंडात पाहिजे. खात्यात हात कशाने धुता?"

उज्ज्वलानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला मशीनच्या तेलाची काळी रेघ होती, कालचीच नाही, वीस वर्षांची. तिनं ते साल हळूच टेबलावर ठेवलं.

"दातांच्या रंगाची पण चांगली आहेत," हेतलबेन म्हणाली. "पण नाजूक. फटकन तुटतात. आणि यातलं काही पण घेतलं तरी आधी वरच्या दोन दाढा काढायला लागतील, सुळ्यांच्या मागच्या, छोट्या. जागाच नाही तर दात उतरणार कुठे? दीड वर्ष धरून चाला. नंतर पण सरळ झालेले दात धरून ठेवायला रात्री एक पट्टी लावायची. दात गाव विसरत नाहीत, परत जायला बघतात."

उज्ज्वला पोलादाच्या तारेकडे बघत होती. तिनं तिला बोटानं हलकेच दाबलं. तार लवली आणि परत जागेवर आली.

"ही दाताला ओढते?"

"हळूहळू. दर महिन्याला थोडी बदलायची."

"म्हणजे ताण," उज्ज्वला म्हणाली, आणि एकदम उठून बसली. "आमच्याकडे बीमवर, मागाचे धागे गुंडाळलेल्या रुळावर, असतो तसा. हजारो धागे, सगळ्यांना ताण सारखा पाहिजे. एक ढिला पडला की कापडात दिसतो, जास्त ओढला की तुटतो. मग घाई करून नाही चालत. थोडा, पण सतत. असंच ना?"

हेतलबेननं हातातला आरसा खाली ठेवला. "मला कॉलेजमध्ये हे समजायला एक वर्ष लागलं होतं, बेन."

तिथून पुढचा अर्धा तास उज्ज्वलाच प्रश्न विचारत होती. सुळा खाली येताना बाजूचा दात मागे रेटला जात नाही का? दोन्हीकडून सारखं ओढलं नाही तर? तार कुठल्या नंबरची? रुमाल केव्हाचा मांडीवर पडला होता आणि तिच्या लक्षातही नव्हतं. योगराज कोपऱ्यातून आपल्या बायकोकडे असा बघत होता जणू रिक्षात कुणी मोठी बाई येऊन बसली आहे.

दाढा काढल्या, जखमा भरल्या आणि होळीच्या आदल्या आठवड्यात पोलादाची तार बसली. चार दिवस तिनं भातावर पातळ वरण घालून गिळलं. भाकरी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. जबडा ठणकायचा आणि ती प्रत्येक ठणक्याला खूश व्हायची. ओढतंय. काम चालू आहे. मिसरीची डबी तिनं शेजारणीला देऊन टाकली. मनाशी तिनं हिशेब असा बांधला होता: आखाजीपर्यंत सुळे थोडे तरी खाली उतरतील, मग रुमाल सुटेल, मग गोपालभाईंना हो म्हणायचं. तोवर रुमाल उंबऱ्यावरच बांधला जात होता.

आणि आठव्या दिवशी पुढच्या दाताचं बटण निखळलं.

हेतलबेननं परत चिकटवलं. दहा दिवसांनी पुन्हा निखळलं. "सुपारी?" नाही. "चणे? बर्फ? ऊस?" उज्ज्वलानं गळ्याची शपथ घेतली. तिसऱ्यांदा त्याच्या शेजारचंही घेऊन आली तेव्हा हेतलबेनचा चेहरा उतरला.

"असं होत राहिलं तर ओढ बसतच नाही. महिना फुकट गेला आपला. परत परत चिकटवून दाताचं वरचं कवच खराब होईल. अजून एकदा पडलं तर मी सगळं काढून ठेवीन, बेन. मग वर्षभर विसरा."

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आखाजी पाच आठवड्यांवर होती. "मी काहीच चावत नाही हो. दिवसभर मशीनवर असते, तिथे तोंडावर रुमाल असतो, तोंडात काही नसतं."

हेतलबेननं थोडा विचार केला, दात साफ करायच्या दोऱ्याची डबी आणली, हातभर दोरा ओढला, मधेच तोडला आणि तिच्या हातात दिला. "जोडून दाखवा. खात्यात जोडता तसं."

उज्ज्वलानं दोन टोकं धरली. बोटं फिरली, पापणी लवायच्या आत गाठ बसली, मान खाली गेली, आणि उरलेली शेपटी तिनं पुढच्या दातांनी कट्कन तोडली.

योगराजनं तोंडावर हात ठेवला.

"किती वेळा?" हेतलबेननं विचारलं.

"दिवसाला... तीनशे." उज्ज्वला पुटपुटली. मग तिला हसू फुटलं, मग हेतलबेनला, आणि बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले. वीस वर्षं ती दातांनी धागा तोडत होती. दर वेळी रुमाल बोटभर उचलायचा, धागा आत घ्यायचा, तोडायचा. हे चावणं आहे, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. श्वास घेण्याला कुणी काम म्हणतं का?

दुसऱ्या दिवशी ती धागा कापायची छोटी कात्री दोरीनं गळ्यात अडकवून खात्यात गेली. पहिल्या तासात कात्री लोंबत राहिली आणि मान सहा वेळा खाली गेली. दर वेळी अगदी ओठांपाशी तिला आठवलं. सातव्या वेळी आठवलं नसतं. चहाला माग थांबले तेव्हा तिनं मंगलाबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "माझ्याकडे लक्ष ठेव, आक्का. मान खाली गेली की हाक मार."

"हाक? इथं?" मंगलाबाईंनी अठ्ठेचाळीस मागांकडे हात केला. मग पायाशी पडलेल्या रिकाम्या बॉबिनांच्या टोपलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

पहिली बॉबिन उज्ज्वलाच्या दंडावर बसली. दुसरी पाठीवर. मंगलाबाईंचा नेम असा की गावी कैऱ्या पाडण्यात त्यांचं बालपण गेलं असणार. मान खाली गेली की बॉबिन आलीच. तिसऱ्या दिवशी एक थेट कानशिलावर बसली, आणि उज्ज्वलाचा ताबा सुटला. तिनं रुमाल खस्सकन खाली ओढला आणि ओठ पिळून पिळून बोलली, "डोळा फोडशील माझा, म्हातारे!"

मंगलाबाई चार हातांवर होत्या. त्यांनी शांतपणे ओठांनीच उत्तर दिलं, "दात वाचाडी राहिनू तुना. डोया दोन शेत."

पलीकडच्या मागावर कुणीतरी खो-खो हसताना दिसलं. उज्ज्वलानं त्यालाही दोन शब्द सुनावले. त्याला ते कळले. त्यानं कान धरले.

मग हा खेळच झाला. दिवसातून पाच-पन्नास बॉबिना आणि तेवढीच उत्तरं. प्रत्येक उत्तराला रुमाल खाली यायचा, कारण शिवी झाकून देता येत नाही. ती पोहोचावी लागते. दुसरा आठवडा संपेपर्यंत हात आपसूक कात्रीकडे जायला लागला आणि बॉबिना कमी झाल्या. पण उत्तरं थांबली नाहीत. उज्ज्वला आता बॉबिन न बसताही बोलायची. भाजीचे भाव सांगायची, टोमणे मारायची, कुणाच्या सुनेला काय झालं ते तीन ओळी पलीकडे विचारायची. बटणं चमकायची त्यामुळे माणसांची नजर आधीच तिच्या तोंडावर जायची आणि शब्द चुकायचा नाही. रुमाल केव्हा हनुवटीखाली मुक्कामाला आला, ते तिला माहीत नव्हतं. मंगलाबाईंना माहीत होतं, पण त्यांनी ते मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हात परत वर गेला असता.

ते तिला सांगितलं गोपालभाईंनी. आखाजीच्या चार दिवस आधी ते केबिनच्या काचेआड उभे होते. खात्याच्या दुसऱ्या टोकाला एका कारागिराच्या मागात धागा तुटला होता आणि उज्ज्वला सहा माग ओलांडून त्याला सांगत होती, डावीकडून तिसरा, तो नाही, त्याच्या मागचा, हां, तोच. गोपालभाईंनी प्रत्येक शब्द काचेतून वाचला. मग त्यांनी काचेवर टकटक केलं, जे अर्थातच कुणाला ऐकू गेलं नाही, आणि शेवटी स्वतःच बाहेर आले.

"कामरेजच्या बाईला मी नाही सांगून टाकतो," ते तिच्यासमोर उभं राहून ओठांनी म्हणाले.

उज्ज्वलाला वाटलं आपण चुकीचं वाचलं. "काय?"

"तुम्ही. पलसाणा."

तिचा हात तोंडाकडे निघाला, आणि तिथे पोहोचायच्या आधी मंगलाबाईंनी तो हवेत धरला.

सुळे तोवर तांदळाच्या कणीएवढेच उतरले होते. हेतलबेननं मोजून दाखवलं, अजून सोळा महिने तरी. उज्ज्वला म्हणाली, "होऊ द्या आरामात, मी कुठे पळून चालले."

पलसाण्याचं खातं सोमवारी सुरू झालं. पत्रे नवे, माग नवे, आवाज मात्र तोच. बारा मुलींमध्ये परभणीकडची प्रिया नावाची एक होती, अठरा-एकोणीसची, उंच, कमरेपर्यंत वेणी. माग सुरू व्हायच्या आधी सगळ्या ओळीत उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे उज्ज्वलाच्या दातांवर होते.

"काकू, हे दुखतं का हो?" प्रियानं विचारलंच.

"पहिले चार दिवस. मग दात ऐकायला लागतात," उज्ज्वला म्हणाली. "आता बघा माझ्या तोंडाकडे. नीट बघा. लाजू नका, मला चालतं. आवाज सुरू झाल्यावर मी इथूनच बोलणार आहे."

आवाज सुरू झाला. मुली घाबरून एकमेकींना बिलगल्या, मग हळूहळू पांगल्या. उज्ज्वलानं गाठ दाखवली, पुन्हा दाखवली, एकेकीची बोटं धरून बसवली. दहाच्या सुमाराला तिनं मान वर केली तर प्रिया पाच मशीन पलीकडे वाकलेली होती आणि तिची वेणी खांद्यावरून घसरत फिरत्या चातीपासून, बॉबिन फिरवणाऱ्या लोखंडी दांड्यापासून, वीतभर अंतरावर लोंबत होती.

धावून पोहोचणं शक्य नव्हतं. उज्ज्वलानं हात उंच केला. प्रियानं पाहिलं. उज्ज्वलानं तोंड पूर्ण उघडलं, तार, बटणं, तिरपे सुळे, सगळं उघड्यावर, आणि एकेक अक्षर घडवून पाठवलं: मागे हो. वेणी वर बांध.

प्रिया क्षणभर तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग झटकन मागे सरली. तिनं वेणी गोल फिरवली, अंबाडा बांधला, आणि हातांच्या खुणा न करता, ओठांनीच विचारलं: असं, काकू?

पोहोचलं होतं. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. उज्ज्वलाला वाटलं, आता टाळ्या वाजवाव्यात, योगराजला फोन करावा, मंगलाबाईंना बॉबिन फेकून मारावी. यातलं तिनं काहीच केलं नाही. दारातून चहावाला किटली घेऊन आत येत होता. तिनं बारा जणींना दिसेल असं वळून म्हटलं,

"चहा आलाय, या. गार होईल."